काकूला का मारलंत

४ मार्च

प्रकाशकाचं म्हणणं असं, की लेखकाने रोज निदान एक अभिप्राय आपल्या इंटरनेटवरच्या पानावर टाकावा. चांगला असेल तर आभार मानावेत, वाईट असेल तर जरा जास्तच मानावेत, आणि कुणाशीही वाद घालू नये. वाद घालायची फारच हुक्की आली तर एक वही घ्यावी आणि तिच्यात घालावा. मी चिडका आहे हे त्याने दोन भेटींतच ओळखलं. म्हणून ही वही.

तर ‘उठलेल्यांची वस्ती’ अखेर बाजारात आली. माझी पहिली कादंबरी, तीही झॉम्बींची, तीही पन्नाशी उलटल्यावर. लॅबमधला माझा भागीदार म्हणाला, जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यास, आता ही चावरी मढी कुठून काढलीस? मी म्हटलं, विषय दातांचाच आहे, धंदा सोडलेला नाही.

आज आलेला अभिप्राय असा: ‘पुस्तक मिळालं. कव्हर कोपऱ्यात दुमडलेलं होतं. एक तारा.’ आतल्या मजकुराबद्दल अवाक्षर नाही. मी तो पानावर टाकला आणि मनापासून आभार मानले. दातओठ खात मानले, पण ते वाचणाऱ्याला दिसत नाही.

५ मार्च

‘भाचीला वाढदिवसाला दिली. भाची आता माझा फोन घेत नाही. दोन तारे.’

आभार मानले.

७ मार्च

आज मात्र पाठीवर थाप पडली. एका खाटकाने लिहिलंय की माना तोडायची वर्णनं बिनचूक आहेत, लेखक आमच्यातलाच दिसतो. आणि कॉलेजातल्या एका मुलीने लिहिलंय, ‘उठलेल्यांचा तो आवाज वाचला आणि मी आठवडाभर दिवा लावून झोपले.’

तो आवाज ही माझी खास निर्मिती आहे. इतरांच्या झॉम्बींसारखा गुरगुराट नाही. माणसाला काहीतरी सांगायचं असावं, त्याने तोंड उघडावं आणि शब्दाच्या जागी नुसती ओलसर हवा बाहेर यावी, तसा. न्घ्याऽऽ. मला कसा सुचला देव जाणे. गेल्या पावसाळ्यात आपल्या खोलीत लिहीत बसलो होतो आणि आपोआप कानात आला.

धाकटीला दोन्ही अभिप्राय वाचून दाखवले. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती भांडी पुसत होती. छान आहे म्हणाली, आणि लगेच, दादा, बाबांची कवळी बसत नाहीये, बघतोस का जरा? मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना सांग, त्या माप घेतील, माप आलं की बघतो. आमच्या धंद्यात तशीच रीत आहे. डॉक्टर तोंडात बघतो, माप घेतो, मापावरून साचा होतो, आणि आम्ही लॅबमध्ये साच्यावर कवळी करतो. पेशंटच्या तोंडाला हात लावायचं आमचं काम नाही. गावातली निम्मी तोंडं मी ओळखतो, पण त्यांतला एक चेहरा रस्त्यात ओळखणार नाही.

९ मार्च

आज सुट्टी. घरचं थोडं लिहितो, नाहीतर ही वही नुसती नाकाला मिरच्या झोंबल्याची होईल.

बाबा बस डेपोत घोषणा करायचे. त्यांचा आवाज सगळ्या गावाला पाठ होता. आधी घंटी, मग ‘प्रवाशांनी लक्ष द्यावं’, आणि मग गाडी कुठली, फलाट कुठला. घरीसुद्धा जेवायला बोलावताना ते चमच्याने पेला वाजवायचे आणि ‘प्रवाशांनी त्वरित स्वयंपाकघराकडे यावं’ असं म्हणायचे. आम्हाला तेव्हा लाज वाटायची.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळात कवळी काढून ठेवली. घरी आल्यावर धाकटीने घालून पाहिली तर सटकून पडायला लागली, तेव्हापासून ती त्यांच्या खोलीत फळीवर पाण्याच्या वाटीत आहे. पहिले काही महिने बाबा तोंड उघडून कसलासा आवाज काढायचे. आम्ही ‘काय? काय?’ करत बसायचो आणि ते मान फिरवायचे. हल्ली तेही नाही. दिवसभर छताकडे बघत असतात.

धाकटी दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. त्यांच्यासाठी वर्षभराची रजा टाकून आली, ती या महिन्याअखेर संपते. मी लॅबमध्ये असतो. तेव्हा एक तारखेला बाबांना शुश्रूषागृहात न्यायचं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे मी ठरवलं. तिथल्या बाई फोनवर विचारत होत्या, चालतात का, बोलतात का, सांगितलेलं कळतं का? मी म्हटलं, नाही, नाही, आणि सांगता येत नाही. मग त्यांची सोय खालच्या मजल्यावर करू, त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावर न बोलणारे असतात.

धाकटी ऐकत होती. मी तिला समजावलं, वाईट मलाही वाटतं, पण धाकटे, आता ते ते नाहीत गं. ती म्हणाली की हे वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

मी रोज सकाळी बाबांना दारातून विचारतो, काय बाबा, बरं आहे ना? आत जायला वेळ होत नाही. वहीशी काय खोटं बोलायचं, ते उघडं तोंड मला बघवत नाही. दिवसभर तोंडांचे साचेच हाताळतो, पण ते साचे माझ्याकडे बघत नाहीत.

१२ मार्च

काकू माझ्या मानगुटीवर बसली आहे. आज आले ते सगळे अभिप्राय काकूचे. कादंबरीत नायक आहे, बंदुका आहेत, पूल उडतो. तो पूल उडवायला माझा अख्खा महिना गेला, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, काकूला का मारलंत?

काकू म्हणजे नायकाची काकू. मध्ये जरा हसायला हवं म्हणून मी तिला चौथ्या प्रकरणात घातली. वस्तीचा नियम असा की कुणी मेलेलं उठलं, की घरच्या माणसाने समोर उभं राहून ‘आता तो तो नाही’ असं मोठ्याने म्हणायचं. मग कुऱ्हाडवाले पुढचं बघतात. काकूचा नवरा उठतो, पण काकू काही ते वाक्य म्हणत नाही. ती त्याला स्वयंपाकघरात टेबलाच्या पायाला दोरीने बांधून ठेवते, सूप भरवते, त्याची कवळी घासून पुन्हा तोंडात घालते आणि दिवसभरात काय काय झालं ते त्याला सांगत बसते. बाराव्या प्रकरणात तो तिला चावतो आणि ती मरते. नियम मोडला की मरण, भयकथेत असंच असतं.

एका बाईंनी लिहिलंय की बारावं प्रकरण वाचताना त्या बसमध्ये इतक्या रडल्या की शेजारच्याने त्यांना पाणी दिलं. मी लोकांची दातखीळ बसवायला निघालो होतो, आणि लोक डोळे पुसतायत.

प्रकाशक खूश आहे. म्हणाला, दुसरा भाग लिही, पण काकू हवी. मी म्हटलं, ती मेली. तर म्हणतो, तुझ्याकडे मेलेले उठतात ना, उठव. मी म्हटलं, उठलेली काकू कुणाला हवी आहे? लोकांना ती होती तशीच हवी. मग बघ काहीतरी, म्हणाला आणि फोन ठेवला.

१४ मार्च

आज एक वेगळा अभिप्राय आला. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘दुपारचं वाचन’ असं ठेवलंय. ‘आम्ही रोज दुपारी एक प्रकरण वाचतो. एकाने मोठ्याने वाचायचं, एकाने ऐकायचं. आज चौथं झालं. काकू स्वयंपाकघरात आली आणि ऐकणाऱ्याने मान वळवून वाचणाऱ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी पाहिलं. तारे मागाहून देऊ.’

कुणी निवृत्त जोडपं असावं. एकाला मानेचा त्रास दिसतो. मी उत्तरात लिहिलं की मानेला शेक द्यावा, गुण येतो.

धाकटीला दाखवलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मलाही बरं वाटलं.

१७ मार्च

‘दुपारचं वाचन’ यांना जरा जास्तच कळतं असं दिसतंय. आजचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो: ‘सातवं प्रकरण झालं. एक गोष्ट खटकली. काकूच्या नवऱ्याचं सगळं वर्णन दारातून केलेलं आहे. तोंड किती उघडं आहे, लाळ कुठे ओघळते, आवाज कसा येतो. पण त्याचे डोळे कसे आहेत ते कुठेच नाही. लेखक स्वयंपाकघराच्या आत गेलेलाच दिसत नाही.’

मी पुस्तक काढून सातवं प्रकरण चाळलं. डोळे खरंच नाहीत. मग उत्तरात लिहिलं की भय उंबरठ्यावरूनच गडद दिसतं, ही लेखकाची जाणीवपूर्वक केलेली योजना आहे. मला ते त्याच क्षणी सुचलं, पण लिहिल्यावर शोभलं. रात्री जेवताना धाकटीने विचारलं, जाणीवपूर्वक? मी म्हटलं, अर्थात.

तिने पुन्हा कवळीचं काढलं. डॉक्टरीणबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना तीन मजले चढवत नाहीत, आणि बाबांना खाली उतरवायचं म्हणजे चार माणसं हवीत. मी म्हटलं, मापाशिवाय मी काय करणार, आणि आता थोडेच दिवस राहिले, तिथले लोक बघतील. ती फोन घेऊन बराच वेळ गच्चीवर होती. शाळेतल्या मैत्रिणींशी बोलत असेल.

१८ मार्च

‘कुत्रा मरत नाही म्हणून चार तारे. काकू मरते म्हणून त्यांतले तीन परत.’

२१ मार्च

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. ‘दुपारचं वाचन’ यांनी बारावं प्रकरण वाचलं.

‘काल दोन प्रकरणं झाली, आज बारावं. काकू मेली तिथे वाचन थांबवावं लागलं. ऐकणाऱ्याने हाताने पलंगाचा कठडा आपटायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं आम्हाला कळलं नाही. माझं म्हणणं एवढंच. काकूच्या नवऱ्याला स्वतःचा एकही दात नाही, हे चौथ्या प्रकरणात आहे. तो वाळून निम्मा झालाय, हे सातव्यात आहे. माणूस वाळला की हिरड्याही वाळतात आणि जुनी कवळी तोंडात राहत नाही. मग तो काकूला चावला कशाने? लेखकाने कवळी लावणारं माणूस कधी जवळून पाहिलेलं नसावं. दोन तारे, दोन्ही काकूचे.’

मी. मी कवळी लावणारं माणूस पाहिलेलं नाही. गावातली निम्मी माणसं माझ्या हातचे दात लावून जेवतात, आणि ही कोण कुठली निवृत्त मंडळी मला हिरड्या शिकवतायत. धाकटीला म्हटलं, बघ, याला म्हणतात शहाणपणा. ती म्हणाली, उत्तर दे ना मग. नीट, मुद्देसूद दे.

देणारच आहे. प्रकाशक गेला उडत.

२२ मार्च

लॅबमध्ये काम बाजूला सारून उत्तर लिहायला बसलो. भागीदार शेजारी बसून एक कवळी घासत होता. त्याला मोठ्याने वाचून दाखवत लिहिलं, म्हणजे तोही साक्षीला राहील.

लिहिलं की कवळी कशाने चिकटवलेली नसते. ती हिरडीच्या आकारावर आणि मधल्या लाळेच्या पातळ थरावर बसते. म्हणून ती ज्याची त्यालाच बसते. पुढे लिहिलं की आजारात वजन उतरलं, तोंडाने खाणं कमी झालं, की हिरडी झिजते, आत पोकळी राहते आणि कवळी टेकू सोडते. अशी कवळी घालून माणसाला चावता येत नाही, गिळताना त्रास होतो आणि बोलताना ती जिभेवर येऊन पडते. तोंड उघडलं की शब्दाऐवजी नुसती हवाच बाहेर येते. त्यामुळे, असं लिहिलं आणि माझा हात थांबला. त्यामुळे पुढे लिहायला काही नव्हतं. ‘दुपारचं वाचन’ यांचं बरोबर होतं.

भागीदार म्हणाला, एवढं काय घेऊन बसलास, आतून भरून द्यायची. आपण रोज काय करतो?

तो कादंबरीतल्या काकांबद्दल बोलत होता. मी कागदावरची शेवटची ओळ बघत होतो. शब्दाऐवजी नुसती हवा. ही ओळ मी आज कवळीबद्दल लिहिली, आणि त्या आवाजाबद्दल याच वहीत आधी लिहिली आहे. महिनोन्महिने माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक माणूस बोलायला बघत होता आणि मी अलीकडे बसून त्याचा आवाज उतरवून घेत होतो. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली, ती मी पानावर टाकली.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो मग तुम्हीच घ्या की माप. मी म्हटलं, मी कधी कुणाच्या तोंडात हात घातलेला नाही. त्या म्हणाल्या, बाप आहे तुमचा. बसवून घ्या, मान जरा पुढे झुकलेली ठेवा म्हणजे ठसका लागणार नाही, आणि घाई करू नका. मी फोनवर असेन.

२३ मार्च

सकाळी बाबांच्या खोलीत गेलो. दारातून नाही, आत. खुर्ची पलंगाला लावून बसलो.

बाबांचे डोळे घारे आहेत. मला माहीत होतं, फक्त बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. ते छताकडे बघत होते ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बाबा, माप घ्यायचंय. तोंड उघडता का?

त्यांनी तोंड मिटलं. घट्ट मिटलं. वर्षभर जे तोंड उघडं होतं ते त्यांनी माझ्यासमोर मिटून घेतलं. मी समजलो. दात नसताना आपल्याकडे कुणी बघू नये असं त्यांना नेहमीच वाटे. कवळी घातल्याशिवाय ते दूधवाल्यालासुद्धा दार उघडत नसत. आणि आम्ही त्यांना वर्षभर तसेच आल्यागेल्यासमोर निजवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, बाबा, मी बाहेरचा नाही. कवळी मीच केली होती ना? वाटीतून ती काढून त्यांना दाखवली. आम्ही प्रत्येक कवळीच्या आत बारीक आकडा कोरतो, अदलाबदल नको म्हणून. हिच्यात आकडा नाही. ‘बाबा’ असं कोरलंय. मी ते विसरूनही गेलो होतो. त्यांनी डाव्या हाताने कवळी घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मग तोंड उघडलं.

धाकटीने मागून खांदे धरले. फोन उशीवर ठेवला होता, त्यातून डॉक्टरीणबाई ‘हळू, हळू’ म्हणत होत्या. कवळीत मऊ लेप भरला, बसवली, ओठ मिटून धरले. पहिला ठसा वाया गेला. दुसरा चांगला आला. पोकळी केवढी ते लेपाच्या जाडीवरून दिसलं, आणि मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. धाकटीने मला पाणी दिलं.

नंतर मी तिच्यावरच रागावलो, की एवढी साधी गोष्ट मला नीट सांगायची नाही का. ती म्हणाली, दोनदा सांगितलं होतं, दादा. मी म्हटलं, मग तिसऱ्यांदा सांगायचं. ती म्हणाली, सांगितलं की.

मला तरी आठवत नाही.

२६ मार्च

कवळी आतून भरून झाली. घासली मीच, भागीदाराला हात लावू दिला नाही. घरी आणून बसवली. खालची डावीकडे टोचत होती, ती दोनदा काढून घासून पुन्हा बसवली. बाबांनी दात एकमेकांवर दोनदा टेकवून पाहिले. खट्, खट्. गाल भरले आणि चेहरा ओळखीचा झाला.

त्यांनी एक बिस्कीट खाल्लं. चहात न बुडवता. आम्ही दोघं समोर बसून ते बिस्कीट संपेपर्यंत बघत होतो.

बोलले मात्र नाहीत. मी म्हटलं, बाबा, काहीतरी बोला ना. तर छताकडे बघायला लागले.

२८ मार्च

अजून नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, जीभही आळसावलेली असते, धीर धरा. धीर कुठून धरू, मध्ये तीनच दिवस आहेत आणि मग एक तारीख. शुश्रूषागृहाच्या बाईंचा फोन आला, गाडी सकाळी पाठवू म्हणाल्या. मी ‘बरं’ म्हटलं आणि माझाच मला राग आला. बोलले तरच बाप, नाहीतर खालचा मजला, असा हिशेब मी कधी मांडला?

‘दुपारचं वाचन’ यांच्याकडून बरेच दिवस काही नाही. मी त्यांना लिहिलं होतं की तुमचं बरोबर आहे, चूक माझी. धाकटीला म्हटलं, आजारी तर नसतील ना? ती म्हणाली, कामात असतील.

२९ मार्च

आज लॅबमध्ये गेलो नाही. दुपारी पाणी प्यायला उठलो तर बाबांच्या खोलीतून आवाज आला. धाकटी गच्चीवर कपडे काढत होती, म्हणजे आत कुणीच नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो. बाबा पुटपुटत होते. काहीतरी म्हणायचे, थांबायचे, पुन्हा तेच पहिल्यापासून. शब्द कळत नव्हते, पण ते शब्द होते.

धाकटी कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली. मी तिला खुणेने थांबवलं. तिनेही ऐकलं. मग कानाशी येऊन म्हणाली, "दादा, आत जाऊ नकोस. ते तालीम करतायत."

मला एकदम आठवलं. लहानपणी डबा द्यायला डेपोत जायचो तेव्हा पाहिलं होतं, बाबा घोषणा आधी माइक बंद ठेवून म्हणायचे. मनासारखी झाली की मगच घंटी वाजवायचे. अर्धवट बोलणं त्यांनी कधी लोकांच्या कानावर पडू दिलं नाही. आम्ही ढीग तिथेच जमिनीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो.

३० मार्च

सकाळपासून घरात दोघांच्याही हातून वस्तू पडत होत्या. मी शुश्रूषागृहाला फोन करून सांगितलं की गाडी पाठवू नका. बाईंनी विचारलं, बोलायला लागले का? मी म्हटलं, नाही, पण मी आता घरी आहे. दाताची जुळणी मेणावर होते, तिला एक टेबल आणि खिडकीचा उजेड पुरतो. भट्टीचं आणि घासायचं भागीदार लॅबमध्ये करील. त्याला हे आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, तुझी कटकट नसली तर काम दुप्पट होईल. टेबल दुपारी बाबांच्या खोलीत आणून ठेवलं.

टेबल लावत होतो, धाकटी सामान भरत होती, आणि मागून पेला वाजला. टिंग, टिंग. बाबा उशीला टेकून बसले होते. डाव्या हातात चमचा होता. आम्ही दोघंही लहानपणी थांबायचो तसे जागच्या जागी थांबलो.

"लेखकांनी," बाबा म्हणाले, आणि श्वास घेतला. "लक्ष द्यावं."

आवाज जाड होता, शब्द ओले होते आणि एका बाजूने सांडत होते. पण ते डेपोतलेच बाबा होते.

"काकूला," पुन्हा श्वास, "का मारलंस?"

धाकटी उघड्या बॅगेवरच बसली आणि हातांत तोंड घेऊन रडायला लागली. मला आधी हसू आलं आणि मग मीही रडलो, चांगला मोठ्याने रडलो. बाबांच्या मांडीशी डोकं टेकून म्हटलं, चुकलं बाबा. ती मेलेली नाही. काकांची कवळी बसतच नव्हती, ते चावणार कसे? ती नुसती पडलीय, उठवतो तिला. बाबांनी चमचा ठेवला आणि माझ्या केसांतून हात फिरवला. मला टक्कल पडायला लागलंय हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण हात तिथे जरा थांबला.

मग डोळे पुसून धाकटीने विचारलं, "बाबा, तारे किती द्यायचे?"

बाबांनी उजवा हात उचलायला घेतला. वर्षभरात तो हात कुणी हललेला पाहिला नव्हता. पांघरुणावरून वीतभर वर आला. तीन बोटं उघडली आणि चौथं अर्ध्यावर थांबलं. मी म्हटलं, साडेतीन. धाकटी म्हणाली, चार आहेत, चौथं अजून येतंय.

३१ मार्च

प्रकाशकाने विचारलं, आज पानावर काही नाही? मी म्हटलं, आलाय एक अभिप्राय, पण घरचा आहे, तो टाकणार नाही. दुसरा भाग लिहितोय म्हणून सांगितलं. काकू पहिल्याच पानावर उठून बसते, आणि आधी नवऱ्याचे दात धुवायला घेते.

धाकटीची गाडी संध्याकाळची होती. बाबांनी तिच्या गाडीची घोषणा केली. फलाटाचा आकडा चुकला, पण ती त्यांना काही बोलली नाही. मी बॅग उतरवून दिली. जिन्यात तिने आपली प्रत माझ्या हातात दिली. पानांच्या कडा वाटीतल्या पाण्याने फुगल्या होत्या, आणि बाराव्या प्रकरणात खूण घातलेली होती. वाचताना बाबांकडे तोंड करून बसायचं, भरभर वाचायचं नाही, आणि ते कठडा आपटायला लागले तर थांबायचं, एवढं तिने बजावलं.

उद्यापासून दुपारचं वाचन माझ्याकडे आहे.